बंड्यास पत्र : आण्णा पुढच्या सीटवर

वाई,
चैत्र शुद्ध पंचमी

प्रिय बंड्या,

तुझं पत्र पाडव्याच्या आदल्या दिवशी पोचलं. पोस्टमनने ते ओट्यावर बसलेल्या आमच्या तीर्थरूप आण्णांच्या हातात दिलं आणि आण्णांनी ते सरळ फोडून वाचलं. 'म्हातारा अजून तसाच खडूस आहे का?' हा तुझा प्रश्नही त्यांनी चष्मा पुसून दोनदा वाचला. उत्तर त्यांनीच सांगितलंय, जसंच्या तसं लिहितो : आहे, पण तुझ्या बापापेक्षा कमीच होतो.

आता तुझा दुसरा प्रश्न. बँक मुदतीआधी सोडून गावी येऊन बसलास, दिवसभर करतोस काय? पुण्यातल्या सोसायटीतली मंडळीही हेच विचारतात. त्यांना मी 'निवांत आहे' एवढं सांगून वाटेला लावतो. तुला मात्र बैजवार सांगतो, कारण यंदाचा फाल्गुन फार झकास गेला आणि चैत्रही तसाच उजाडलाय. कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवेना.

पहिली गोष्ट म्हणजे मी इथे मालक नाही, गडी आहे. मालक आण्णा. मागच्या पावसाळ्यात ते मोरीत घसरले, खुब्याचं ऑपरेशन झालं, हे तुला ठाऊकच आहे. बावधनच्या शिवारातली जमीन तेव्हापासून वाट्याने दिली. ८४ वर्षांच्या माणसाला 'आता शेतावर जाऊ नका' म्हणणं सोपं असतं रे. पण मग त्याने सकाळी उठून जायचं कुठे? वॉकर घेऊन ते परसापर्यंत येतात, पेरूखाली खुर्ची टाकून बसतात आणि तिथून उंटावरून शेळ्या हाकतात. शेळी अर्थातच मी.

संक्रांत झाली तसा त्यांनी मला मोगऱ्याला हात घालायला लावला. छाटणी तर केलीच, वर उरलेली पानंही ओरबाडून काढायला लावली आणि पाणी तोडलं. झाडाला ताण बसला पाहिजे म्हणे. अंगणात नुसत्या काटक्या उभ्या. तुझी वहिनी येता-जाता आधी त्या काटक्यांकडे बघायची, मग माझ्याकडे. आण्णा ढिम्म. माघ सरता सरता बुंध्याभोवती आळं केलं, कुजलेलं शेणखत घातलं, पोटभर पाणी दिलं, आणि बघता बघता पेरापेरावर पोपटी डोळे फुटले. आता रोज संध्याकाळी ओंजळभर कळ्या निघतात. वहिनी गजरा करते आणि श्रेय आण्णांना देते. लिंबाचंही तेच. आंबे बहार, म्हणजे आंबा मोहरतो तेव्हाचा लिंबाचा बहर, धरायचा म्हणून त्यालाही तहानेलं ठेवलं होतं. फाल्गुनात त्याच्यावर एवढी फुलं आली की खालून जाताना आधी मधमाश्या ऐकू यायच्या, मग वास यायचा. आता बारीक मोहरीएवढी लिंबं धरलीत.

पण परसातला मान यंदा दुधीचा. मांडव घातला, वेल चढला, फुलं आली, आणि बोटभर लांबीची कोवळी फळं पिवळी पडून पटापट गळायला लागली. मी मोबाईलवर रोग शोधत बसलो. आण्णांनी खुर्चीतूनच निदान केलं : "रोग कसला, लग्नच लागलेलं नाही." दुधीचं पांढरं फूल उमलतं दिवेलागणीला. दिवसभर फिरणाऱ्या मधमाश्या तोवर घरी गेलेल्या. रात्रीच्या पतंगांनी येऊन काम केलं तर केलं, नाहीतर राहिलं.

लेक शनिवार-रविवारी पुण्याहून पोराला घेऊन येते. या वर्षी तो पहिलीत गेला. पणजोबांनी त्याला कामाला लावलं. देठ लांब आणि नुसता, ते नराचं फूल. देठाशी इवलासा दुधी चिकटलेला, ते मादीचं. नराचं फूल तोडायचं, पाकळ्या काढून टाकायच्या, मधली परागाची कांडी मादीच्या फुलाच्या मधोमध हळूच टेकवून फिरवायची. पोरगं स्टुलावर उभं राहून, जीभ बाहेर काढून, एकेक फूल उरकत होतं. मी टॉर्च धरलेला. बोटांना पिवळी पावडर. शेवटचं झाल्यावर त्याने विचारलं, "पणजोबा, आता वरात?" म्हातारा इतका हसला की त्याला ठसका लागला. पुढच्या शनिवारी पोराने आल्या आल्या बूट न काढता मांडव गाठला. धरलेले दुधी वीतभर झाले होते, ते त्याने फूटपट्टी लावून मोजले. आता घरात रोज दुधी. कोफ्ते झाले, हलवा झाला, थालीपीठं झाली. तू आलास तर तुलाही दुधीच.

ओट्यावर कपडे वाळत घालायच्या तारेला शिंजिराने घरटं केलंय. बांधकाम सगळं मादीचं. सालीचे तुकडे, वाळकी पानं, असलं काय काय कोळ्याच्या जाळ्याने चिकटवून लोंबती पिशवी केली, बाजूने दार ठेवलं आणि दारावर चक्क पडवी काढली. नर जवळच्या फांदीवर बसून गळा काढत होता. आई म्हणाली, "सगळीकडे तसंच हो." आण्णांनी पेपर वर केला. पिल्लं निघालीत, त्यामुळे ओट्यावर कपडे घालायला बंदी आहे आणि माझे लेंगे मागच्या कुंपणावर वाळतात. (जीवामृताबद्दल विचारू नकोस. शेण, गोमूत्र, गूळ, बेसन सगळं पिंपात कालवलं होतं. बागेला मानवलं, शेजाऱ्यांना नाही.)

आता फिरण्याचं. खरं म्हणजे मला हेच सांगायचं होतं.

फिजिओथेरपीवाल्या मुलीने फाल्गुन लागता लागता आण्णांना गाडीत बसायची परवानगी दिली. त्याचं एक तंत्र आहे. आमच्या जुन्या वॅगनआरची सीट उंच, ते एक बरं. सीट मागे सरकवायची, वर उशी, उशीवर प्लास्टिकची गुळगुळीत पिशवी. माणसाने आधी पाठमोरं टेकायचं, मग पाय आत घ्यायचे. पिशवीमुळे तो अलगद वळतो. वळून झालं की पिशवी आठवणीने ओढून काढायची, नाहीतर ब्रेक मारला की आण्णा डॅशबोर्डवर. आई मागे, तिच्या शेजारी पाण्याची बाटली आणि भडंगाचा डबा.

पहिल्या दिवशी मी विचारलं, "ढोल्या गणपतीला जाऊन यायचं?" म्हणाले, "गणपती १७६२ पासून तिथंच बसलाय, तो कुठं जात नाही. हरभरा निघाला का बघू."

तेव्हापासून हेच आमचं देवदर्शन. काटा ३० च्या पुढे गेला की "कुठं आग लागलीय?" अशी विचारणा होते. दर शेतापाशी थांबा. काच खाली करून हाळी द्यायची, "काय पावणं, किती उतारा पडला?" गव्हाचं मळणीयंत्र चालू असेल तर भुसा उडून आत येतो, आई पदर नाकाला लावते, आण्णा मात्र काच वर करू देत नाहीत. माणसं बांधावरून येतात, पाया पडतात, मूठभर दाणे हातावर देतात. आण्णा एक दाणा दातांखाली धरून बघतात आणि निकाल सांगतात. वाट्याने दिलेल्या आमच्या रानापाशी मात्र गाडी जरा लांबच थांबवायला सांगतात. 'त्याला वाटेल तपासायला आलो.' दहा मिनिटं नुसतं बघतात, मग म्हणतात, चल.

सगळ्यात आवडता रस्ता म्हणजे मेणवलीवरून धोम आणि पुढे बलकवडीच्या अंगाने. मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा, घाट, वसईच्या मोहिमेतून आणलेली ती पोर्तुगीज घंटा, सगळं जागच्या जागी आहे. सिनेमावाल्यांची वर्दळही आहेच. आण्णांना त्यात काडीचा रस नाही. धोमला आई उतरते. कमळाच्या आकाराच्या त्या कुंडात कासवाच्या पाठीवर बसलेला नंदी आठवतो ना? आपण सहलीला आलो तेव्हा तू त्या कुंडात पडला होतास. आईला अजून आठवतं. पुढे धरणाचं पाणी आता मागे हटायला लागलंय आणि उघड्या पडलेल्या गाळात लोकांनी भाजीपाला केलाय. पाण्याकाठी हिरवं, वर डोंगर पार करपलेला, आणि त्या करपलेल्यात मध्येच एखादं झाड पेटल्यासारखं उभं.

तुम्ही वर्ध्याकडचे लोक पळसाचं फार कौतुक सांगता, मान्य आहे, तुमच्याकडे रानंच्या रानं असतात. पण यंदा आमच्याकडेही काही कमी नव्हतं. माघात काटेसावर फुलली, तिच्यामागोमाग पांगारा आणि पळस. अंगावर पान नाही, नुसती फुलं. मी विचारलं, पाणी नसताना यांना हे सुचतं कसं? आण्णा म्हणाले, "पानं असती तर फूल पाखराला लांबून दिसलं असतं का?" मैना, बुलबुल, कोतवाल, सगळ्यांची पंगत बसलेली असते. आता पळस ओसरला आणि पाळी आलीय कुसुंबाची. याला फुलांची गरजच नाही, कोवळी पालवीच लालभडक. लांबून वाटतं झाड मोहरलंय, जवळ गेलं की कळतं पानं आहेत. पिंपळाची पालवी तांबूस, करंजाची लखलखीत पोपटी. सुरूरच्या रस्त्यावरचे जुने वड तर दुपारी अंगावर गारवा धरून उभे असतात. तिथे गाडी लावून आम्ही भडंग खातो.

हळदीचं तर तुला खास सांगायला हवं. अक्षय्य तृतीयेच्या सुमाराला लावलेली हळद नऊ महिन्यांनी पाला वाळला की काढतात, त्यामुळे फाल्गुनभर वाई तालुक्यात जिकडेतिकडे हेच. एका वस्तीवर आम्ही थांबलो तर खणणी होऊन गड्डे वेगळे करणं चाललेलं. जेठे गड्डे एकीकडे, हळकुंडं दुसरीकडे, बेण्याचं बाजूला. पूर्वी काहिलीत, गुडघाभर पाण्यात, पाल्याखाली झाकून शिजवायचे. आता वाफेचे कुकर आलेत, ट्रॅक्टरमागे लावून वस्तीवर आणतात. बॉयलर फुसफुसतो, टाकीचं तोंड उघडलं की वाफेचा लोट आणि पिवळी रास धाडकन खाली. वास कसा सांगू? ओल्या मातीचा, आल्याचा, आणि त्याखाली काहीतरी औषधी. तासाभराने माझा सदरासुद्धा तसाच वास मारत होता.

आण्णांना गाडीतून उतरायचंच होतं. मी नको म्हणालो, त्यांनी ऐकलं नाही. वॉकर ढेकळांत रुतला. दोन पोरांनी त्यांना दोन्ही बाजूंनी धरलं आणि राशीपाशी नेलं. त्यांनी एक गरम हळकुंड उचललं, या हातातून त्या हातात झेललं, काडी मागितली आणि टोचली. काडी लोण्यात जावी तशी गेली. "झालंय, आता पुढं शिजवू नका," म्हणाले. मग मधोमध मोडून आतला रंग उन्हात धरून बघितला. तिथल्या पोरांना तो कुकर कधी थांबवायचा ते चांगलं ठाऊक होतं, पण एकानेही तसं दाखवलं नाही. "आण्णा म्हणतात तर थांबवा रे," असं म्हणून त्यातल्या थोरल्याने खरोखर वाफ बंद केली. बंड्या, त्या पोराला मी जन्मभर विसरणार नाही. परत येताना आण्णा हिशेब सांगत होते : ओली पाच क्विंटल असेल तर वाळून जेमतेम एक हातात, त्यात शिजवायचं, वाळवायचं, पॉलिशचं, सांगलीपर्यंत न्यायचं, आणि तिथे भाव काय मिळेल ते हळदीच्या नशिबात. बोटं पिवळी झालेली त्यांनी दोन दिवस साबण लावून धुतली नाहीत. आईने ओरडून बघितलं.

रंगपंचमीला बावधनचं बगाड. गर्दीत नेणं शक्यच नव्हतं, पण न नेणंही शक्य नव्हतं. पहाटे निघून लांबच्या एका बांधावर गाडी लावली. दगडी चाकांचा तो गाडा, वर शिडाला टांगलेला बगाड्या, म्हणजे नवसाचा मानकरी, आणि पुढे बैलांच्या जोड्या. सोनेश्वरापासून निघून भैरवनाथापर्यंत शेताशेतांतून ओढत आणायचा, वाटेत बैल बदलत. ७२ च्या दुष्काळाआधी एका वर्षी आमची जोडी जुंपली होती, ते आण्णांनी मला शंभरदा सांगितलंय. त्या दिवशी नाही सांगितलं. गुलालाचा लोट दिसला तशी टोपी सारखी केली, हात जोडले आणि बैलांकडे बघत राहिले. मग मला म्हणाले, "डावीकडचा नवा आहे, बुजतोय." मला इथून बैल ठिपक्याएवढा दिसत होता.

पाचगणीला एकदाच गेलो. पसरणी घाटातून खाली धोमचं पाणी दिसतं तेवढं सुंदर, बाकी शनिवारी वर जाणं म्हणजे शिक्षाच. नातवाला स्ट्रॉबेरी हवी होती. भिलारला पुस्तकांच्या गावात तासभर टेकलो. ते २०१७ साली सुरू झालं तेव्हापासून जायचं म्हणत होतो. पोरगं एका घराच्या सोप्यावर चित्रांचं पुस्तक घेऊन जे बसलं ते उठेना. आण्णा तोवर घरमालकाशी स्ट्रॉबेरीच्या वाफ्यांवरच्या प्लास्टिकबद्दल वाद घालत होते.

सगळंच गोड नाही. वणवे. माघ-फाल्गुनात रात्री गच्चीवर गेलं की पांडवगडाच्या अंगाला आगीची रेघ सरकताना दिसते. जुनं गवत जाळलं की नवं चांगलं येतं ही समजूत काही केल्या जात नाही. कुणीतरी विडी टाकतं, कुणी मुद्दाम लावतं. सकाळी त्या रस्त्याने गेलो तर काळी राख, अर्धी जळालेली करवंदीची जाळी आणि वर घारी घिरट्या घालताहेत. जमिनीवर घरटी करणाऱ्या पाखरांचे हेच दिवस. या बाबतीत आण्णा आणि मी एकाच बाजूला असतो, हे क्वचित घडतं. त्यांनी भर पारावर एकाला सुनावलं, 'तुझ्या घराला लावली तर नवं घर चांगलं येईल का?' तो गप्प बसला, पण पुढच्या आठवड्यात पुन्हा रेघ दिसलीच.

पाडवा घरच्या घरी. काठी मी बांधली, खण वहिनीने, गाठी नातवाने, आणि आज्ञा नेहमीच्या खुर्चीतून. कडुनिंब आता फुलावर आहे, त्यामुळे चटणीत कोवळ्या पानांबरोबर फुलंही वाटली. गूळ, चिंच, ओवा, भिजवलेली डाळ. पोराने तोंड वेडंवाकडं करून खाल्ली आणि लगेच गाठीचा लचका तोडला. दुपारी आण्णांनी पंचांगातलं पाऊसपाणी मोठ्याने वाचलं. दरवर्षी वाचतात, आणि दरवर्षी भाद्रपदात 'पंचांगवाल्याला काय कळतंय' म्हणतात. परवा शेजारच्या वाड्यात काकूंची चैत्रगौर बसली. काल हळदीकुंकू झालं, वहिनीने वाटीभर आंब्याची डाळ आणली. ती मी एकट्याने संपवली, हे कुणाला सांगू नकोस.

तर हे करतो मी दिवसभर. आता तू ये. शाळांना सुट्ट्या लागायची वाट बघू नकोस, तोवर ऊन तापेल आणि आण्णांना बाहेर काढता येणार नाही. वर्ध्याहून महाराष्ट्र एक्सप्रेस धर, साताऱ्याला उतर. आम्ही घ्यायला येतो. आम्ही म्हणजे आण्णाही, त्यामुळे तू मागे बसायचंस, आईच्या शेजारी. येताना वाटेत लिंबला बारा मोटेची विहीर दाखवतो, अठराव्या शतकातली, आतून पायऱ्या उतरत जाताना उन्हाळा वर राहतो. आण्णांना ती गाडीतूनच बघावी लागते, पण तिथल्या मोटेवर किती बैल लागत ते तुला तेच सांगतील.

आणि एक काम. येताना वायगावची हळद घेऊन ये, दळलेली नको, हळकुंडं. तुमच्या समुद्रपूरकडची ती भौगोलिक मानांकनवाली. आण्णांचं म्हणणं असं की तिला नुसतं नाव मोठं आहे. पत्र वाचून संपल्यावर तुझ्यासाठी त्यांचा पहिला निरोप हाच होता. दोन्ही हळकुंडं मोडून उन्हात धरायची आहेत, आणि निकाल काय लागणार ते तुला मी आत्ताच सांगू शकतो. तरी आण.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
दिग्या

ता.क. : तिकीट काढलंस की फोन कर, पत्र पाठवू नकोस. ते आधी कोण वाचणार ते तुला माहीत आहे.